बर्फाच्या दिवसांतली भट्टी

यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे ठरले, तेव्हा लोणच्याची एखादी कृती देऊन मोकळे व्हावे असा माझा बेत होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात पेन येते ते वाण्याची यादी करायला. पण चिटणीसबाईंनी अडवले. म्हणाल्या, "कृतींचा ढीग झाला आहे. त्या दिवशी हळदीकुंकवाला बर्फातल्या भट्टीच्या गोष्टी सांगत होतात, त्याच लिहून द्या." तेव्हा भगिनींनो, आज्ञा पाळली आहे. शुद्धलेखन चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

त्याचे असे झाले. माझी भाची अमेरिकेत मिनेसोटा नावाच्या राज्यात असते. गेल्या जानेवारीत तिने फोनवरून आपले स्वयंपाकघर दाखवले. खिडकीबाहेर सगळे पांढरे. मोटार कुठली आणि कुंपण कुठले ते ओळखू येत नव्हते. उष्णता म्हणे शून्याच्या खाली वीस अंश! आत मात्र दिवा, भट्टीची ऊब, आणि भट्टीच्या काचेआड फुगत असलेला पाव. "मावशी, अशा दिवशी घरी काहीतरी भाजत बसण्यासारखे सुख नाही," असे ती म्हणाली. माझ्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सुख नाही तर काय! कळ फिरवली की झाले."

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. पण रात्री मनात आले, ही कळ आली तरी केव्हा? कळ नव्हती तेव्हा त्या बर्फात बायका काय करीत? भाचीला विचारले, तर तिलाही नीटसे सांगता येईना. पण पोर हौशी. तिने तिथल्या वाचनालयातून पुस्तके आणली आणि पुढचे किती तरी रविवार मला वाचून, मराठीत समजावून सांगितले. मी वहीत टिपून घेतले. त्या वहीतलेच पुढे देत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे विस्तव हा पाहुण्यासारखा. काम असेल तेवढा पेटवावा आणि विझवावा. भाकरी तव्यावर झाली की लाकूड मागे ओढून घ्यायचे, नाही तर घरात बसवत नाही. घरोघरी भट्टी बांधण्याची आपल्याला गरजच पडली नाही. थंड मुलखात याच्या अगदी उलट. तिथे माणूस जगावे म्हणून विस्तव दिवसरात्र ठेवावाच लागतो. मग त्याच विस्तवावर पाव भाजून घ्यायचा, म्हणजे एका लाकडात दोन कामे. हिवाळा आणि भट्टी यांचा संबंध असा काटकसरीतून जुळलेला आहे. त्यात हौस फार उशिरा आली.

रशियातल्या खेड्यांत घराचा चांगला मोठा भाग व्यापणारी विटांची भट्टी असे. सकाळी तिच्यात लाकडे जाळायची, पाव भाजायचा, कालवणाचे मडके सरकवून ठेवायचे, आणि रात्री घरातली म्हातारी माणसे नि मुले तिच्याच माथ्यावर अंथरूण घालून निजायची. फिनलंडच्या पूर्व भागातही घर उबदार राखणाऱ्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि तिथे पाव वरचेवर भाजला जाई. त्याच देशाच्या पश्चिमेला मात्र वर्षातून मोजक्या वेळाच भाजण्याचा घाट घालीत. राय नावाच्या काळसर धान्याच्या चपट्या चकत्या करायच्या, मधे भोक पाडायचे आणि काठीत ओवून आढ्याखाली टांगायच्या. स्वीडनमध्येही कडक पाव असाच टांगीत. आपण लसणाच्या जुड्या टांगतो तसे घराच्या आढ्याला महिनोन् महिन्यांचे जेवण लटकलेले! दातांचे काय होत असेल ते दातांनाच ठाऊक.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंड म्हणतात तो मुलूख आहे. इंग्लंडातून गेलेले लोक तिथे 1620 पासून वस्ती करून राहिले. त्यांच्या घरात धुराड्याच्या कुशीत विटांची भट्टी बांधलेली असे. आठवड्यातून एक दिवस भाजण्याचा. पहाटे तिच्यात वाळलेली बारीक लाकडे रचून पेटवायची, दोनेक तास जाळायची, मग सगळे निखारे नि राख ओढून बाहेर काढायची, ओल्या झाडूने तळ पुसायचा. म्हणजे भाजण्याच्या वेळी आत विस्तव नाहीच. विटांनी जी धग पोटात धरून ठेवली असेल तिच्यावर सारे काम.

आणि ती धग पुरेशी आहे की नाही हे कसे कळायचे? तर बाईने आपला उघडा हात भट्टीत घालायचा आणि आकडे मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या आत हात काढावा लागला तर भट्टी फार तापली. त्यापुढेही सोसवला तर निवली. दुसरी एक रीत होती, चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होते ते पाहण्याची. वाचून मी माझ्या हाताकडे पाहिले. तव्याची धग आपणही तळहातानेच अजमावतो, पण वरून, लांबून. भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून मोजत उभे राहायचे म्हणजे अंगावर काटा येतो.

मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सरकवायचे. कधी खाली कोबीची नाहीतर ओकची पाने घालीत. आपण पानगी केळीच्या पानात करतो तोच विचार. गहू त्या मुलखात नीट पिकत नसे, म्हणून मक्याचे आणि रायचे पीठ मिसळून काळा पाव करीत. धग जसजशी उतरेल तसतसे पदार्थ बदलायचे. शनिवारी संध्याकाळी घेवड्याच्या वाळल्या दाण्यांचे मडके आत ठेवून तोंड बंद करीत, कारण रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचे नाही. रविवारी सकाळी मडके काढले की शिजलेले, ऊन जेवण तयार.

हिवाळ्याचा एक फायदाही या बायकांनी करून घेतला. सण आला की एकदम पुष्कळसे पाय, म्हणजे फळांचे नाहीतर भोपळ्याचे सारण भरलेले पुरणासारखे प्रकार, भाजून काढायचे आणि विस्तव नसलेल्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवून द्यायचे. तिथे ते दगडासारखे गोठत. लागेल तसा एक आणावा आणि विस्तवापाशी ठेवावा. हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी आपल्या 1869 च्या पुस्तकात अशा खोलीचे वर्णन केले आहे. आज आपल्या घरी बर्फाचे कपाट आहे म्हणून आपण मिरवतो. त्यांचे अख्खे घरच कपाट होते, आणि त्याच कपाटात त्यांना निजायचेही होते!

आता दुसरी अडचण आंबवण्याची. आपल्याकडे पौष महिन्यात इडलीचे पीठ फुगत नाही. मग आपण पातेले घोंगडीत गुंडाळतो. त्यांची गत काय होत असेल! पाव फुगवायचे यीस्ट दारूच्या पिंपावरचा फेस आणून, नाहीतर हॉप्स नावाच्या वेलाची फुले आणि बटाट्याचे पाणी उकळून घरीच करीत. ते जपावे लागे तान्ह्या मुलासारखे. फार थंडी लागली तर काम बंद करते, फार धग लागली तर मरते. रात्री मळलेल्या पिठावर पांघरूण घालून ते शेगडीशेजारी ठेवायचे आणि विस्तव विझू नये म्हणून मधून मधून उठायचे. सकाळी पीठ फुगले नसले तर आठवडाभर घरच्यांचे तोंड पाहायचे.

गोड केकची कथा आणखी कठीण. त्याला यीस्ट चालायचे नाही असे नव्हे, पण हलका केक हवा तर अंडी फेसूनच वारा भरावा लागे. हाना ग्लास या इंग्रज बाईंनी 1747 साली पाककृतींचे पुस्तक काढले. त्यात पौंड केकचे सगळे जिन्नस एक तासभर हाताने नाहीतर मोठ्या लाकडी चमच्याने फेसायला सांगितले आहे. एक तास! आणि हिवाळ्यात दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी घालणे कमी करतात. म्हणजे अंडी आधीपासून चुन्याच्या निवळीत घालून साठवलेली हवीत. बर्फाच्या दिवशी घरी केक भाजणे ही कोणाची चैन होती ते यावरून दिसते. ज्या घरी फेसायला दुसरीचे हात होते त्यांची.

यातून सुटका कशाने झाली? सांगितले तर हसाल. राखेने!

जंगल तोडून शेती करणाऱ्या लोकांकडे राख अपार. तळाशी पेंढा घातलेल्या पिंपात राख भरायची, वरून पाणी ओतायचे, खाली जे गळेल ते खारे पाणी लोखंडी कढईत आटवायचे. उरतो तो काळपट खार. तो भट्टीत भाजून पांढरा केला की त्याला मोत्यांची राख अशा अर्थाचे नाव. हा खार साबणाला, काचेला आणि कापडाच्या कामाला लागे, म्हणून इंग्लंडला जहाजे भरून जाई. 31 जुलै 1790 रोजी अमेरिकेच्या सरकारने आपल्या देशातले सर्वांत पहिले पेटंट दिले, ते सॅम्युएल हॉपकिन्स नावाच्या गृहस्थांना, आणि दिले कशाला तर हा राखेचा खार करण्याच्या सुधारलेल्या रीतीला. त्या कागदावर खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. आपल्या आज्या राखेने भांडी घाशीत आणि आपण पापडखार पापडात घालतो, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

हा खार आंबट दुधात घातला की फसफसतो आणि पीठ वर उचलतो. रात्रभर जागायला नको नि तासभर फेसायला नको. पहिल्यांदा कोणा बाईला हे सुचले तिचे नाव कोठे लिहिलेले नाही. पण छापील पुस्तकात ही युक्ती आणली ती अमेलिया सिमन्स यांनी. 1796 साली हार्टफर्ड गावी त्यांचे पुस्तक निघाले. अवघी 47 पाने. अमेरिकेत राहणाऱ्या बाईने तिथल्या जिनसांसाठी लिहिलेले ते पहिले पाकपुस्तक समजतात. नावाखाली त्यांनी आपली ओळख एवढीच दिली आहे की अमेरिकेतील एक अनाथ.

या बाईंविषयी मला फार जवळीक वाटली, त्याचे कारण सांगते. पुस्तक निघाल्यावर त्यांना त्यात खुलासा जोडावा लागला. मला छापण्याजोगे लिहिण्याइतके शिक्षण नाही, म्हणून मी कृती एकाच्या हवाली केल्या, आणि त्याने मुद्दाम काही महत्त्वाचे वगळले नि काही भलतेच घातले, असा त्या खुलाशाचा आशय. विचार करा, आयुष्यभर परक्या घरी राबून हाताला आलेली विद्या, आणि कागदावर उतरताना ती दुसऱ्याच्या हातून बिघडली! ही स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी माझा लेख मी स्वतः तपासून पाहणार आहे, हे संपादक मंडळाने आताच लक्षात ठेवावे.

त्यांच्या पुस्तकात नाताळसाठी एक कुकी दिली आहे. तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, चहाचा एक पेला भरून धन्याची बारीक पूड, आणि दुधात विरघळवलेला तीन चमचे राखेचा खार. होय, धने! आपल्या आमटीतले धने. जाड लाटून, आकार कापून, मंद धगीवर पंधरा-वीस मिनिटे भाजायचे. बाई लिहितात की आधी या कडक लागल्या तरी मातीच्या भांड्यात घालून सहा महिने तळघरात ठेवल्या की मऊ नि अधिक चांगल्या होतात. भाचीने एका बर्फाच्या दिवशी खाराऐवजी सोडा घालून त्या करून पाहिल्या. म्हणाली, "मावशी, वास आपल्या स्वयंपाकघराचा आणि चव नानकटाईच्या चुलत बहिणीची." सहा महिने मात्र तिच्याकडे टिकल्या नाहीत. चार दिवस टिकल्या.

पुढे राखेच्या खाराची जागा सोड्याने घेतली. बेकिंग पावडरची कथा तर घरगुतीच आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत नि यीस्टही सोसत नसे. बिचारीने खायचे काय? पतीराजांनी तिच्यासाठी 1837 साली बिनअंड्याचे कस्टर्ड काढले आणि 1843 साली यीस्टवाचून पाव फुगवणारी पूड. अमेरिकेत 1856 साली एबेन हॉर्सफर्ड या प्राध्यापकांनी वेगळ्या रीतीच्या पुडीचे पेटंट घेतले. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने डोके चालवावे ही गोष्ट आमच्या मंडळात मी तीन वेळा सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

पण कष्ट गेले असे समजू नये. एक गेला की दुसरा दारात उभा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घरोघरी ओतीव लोखंडाच्या शेगड्या आल्या. दिसायला डौलदार, पोटात भट्टी, लाकडाऐवजी कोळसा. 1899 साली बॉस्टनच्या गृहकृत्याच्या शाळेत सहा दिवस अशा एका शेगडीचा हिशेब ठेवला. नुसती राख चाळणे, विस्तव रचणे, तो सांभाळणे, राख टाकणे, कोळसा आणणे आणि शेगडीला काळे रोगण घासणे यात 5 तास 26 मिनिटे गेली. त्यातली 2 तास 9 मिनिटे एकट्या रोगणाची, कारण ते न घासले तर लोखंड गंजे. सहा दिवसांत 292 पौंड कोळसा वाहून आणावा लागला. आपल्या मापाने 130 किलोंच्या वर. यात स्वयंपाक धरलेलाच नाही! जाऊबाईंना हा हिशेब वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गॅसची शेगडी फार मनापासून पुसली.

आता ज्या कथेने मला रात्री झोप आली नाही ती सांगते.

1880 च्या ऑक्टोबरात डाकोटा प्रांतात अवेळी हिमवादळ झाले. तिथे डी स्मेट नावाचे गाव नुकतेच वसत होते. धान्य, कोळसा, रॉकेल सगळे पूर्वेकडून आगगाडीने यायचे. वादळामागून वादळे आली, रुळांच्या खाचा बर्फाने भरून गेल्या, माणसांनी उपसाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भराव्यात. जानेवारीपासून गाडी बंद झाली ती 1881 च्या मे महिन्यापर्यंत. लॉरा नावाची मुलगी त्या गावात आईबाप आणि बहिणींबरोबर होती. फेब्रुवारीत तिला चौदावे वर्ष पुरे झाले. पुढे लॉरा इंगल्स वाइल्डर या नावाने तिने त्या हिवाळ्यावर पुस्तक लिहिले. ते 1940 साली निघाले तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती. इतकी वर्षे तो हिवाळा तिच्या मनातून गेला नव्हता.

दुकानातले पीठ संपले. कोळसा संपला. झाड तर त्या माळावर औषधाला नाही. तेव्हा बापाने वाळलेले गवत पिळून पिळून काठीसारखे करायचे आणि तेच शेगडीत घालायचे. गवताची काठी ती, किती वेळ जळणार? एकजण जाळीत असताना दुसऱ्याने पिळीत राहायचे. तळहात सोलवटून निघत. पीठ नाही म्हणून अख्खे गहू कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात दळायचे. हे यंत्र केवढे, तर मांडीवर धरून दांडा फिरवायचा. त्यात मूठभर दाणे मावतात. आपल्या आज्यांचे जाते त्यापुढे गिरणीच म्हणायचे. कॉफीच्या यंत्रात घरच्या सहा माणसांचे दळायचे म्हणजे खलात ज्वारी कांडण्यासारखेच. दिवसभर पाळीपाळीने दांडा फिरे तेव्हा संध्याकाळच्या एका पावापुरते जाडेभरडे पीठ निघे. थोरली बहीण मेरी आजारपणात आंधळी झालेली होती. तीही बसून दळी. दळायला डोळे लागत नाहीत.

यीस्ट नाही, दूध नाही, लोणी नाही. आईने थोडे पीठ पाण्यात आंबवून ठेवायचे आणि त्यावर पाव फुगवायचा. गवताच्या विस्तवावर भाजलेला तो काळसर, भरड पाव हेच सकाळचे आणि तेच संध्याकाळचे. पुढे गहूही संपत आला. तेव्हा गावातले दोन तरुण वादळाची एक उघडीप साधून माळावर दूर राहणाऱ्या एका शेतकऱ्याकडे गेले आणि त्याचा गहू विकत घेऊन आले. ते त्याचे बियाणे होते. लॉराबाई लिहितात की तो आधी द्यायला तयार नव्हता. बियाणे म्हणजे काय हे कोरडवाहू मुलखातल्या भगिनींना मी सांगायला नको. घरातले माणूस उपाशी असले तरी बियाण्याच्या कणगीला हात लावताना बाई दहा वेळा थांबते.

भाची वाचता वाचता थांबली. डी स्मेट तिच्या घरापासून मोटारीने अर्ध्या दिवसाच्या आत येते. तिच्याही खिडकीबाहेर त्या वेळी बर्फ पडत होते.

कष्टाचे इतके सांगितले, आता मोजमापाचे सांगते, कारण माझा स्वतःचा काटा तिथेच मोडला होता. जुन्या पाककृतींत माप म्हणजे अक्रोडाएवढे लोणी, मूठभर पीठ, लागेल तेवढे दूध. ज्या बाईने आईच्या शेजारी उभे राहून पाहिले तिला हे पुरे. पण आई लांब राहिली असेल तर? आगगाडीने हजार मैल दूर नांदायला गेलेल्या मुलीने अक्रोड केवढा धरावा?

बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी हा प्रश्न सोडवला. त्यांचा जन्म 1857 चा. सोळाव्या वर्षी आजाराने अंग लुळे पडले, शाळा सुटली. पुष्कळ वर्षे घरात काढली. तिशी उलटल्यावर त्या पाकशाळेत शिकायला गेल्या आणि पुढे तिथल्याच मुख्य झाल्या. 1896 साली त्यांनी पुस्तक लिहिले, तर छापणाऱ्याला ते खपेल असा भरवसा नाही. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनी स्वतः सोसला. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यांचे सांगणे एवढेच की पेला असो वा चमचा, शिगोशीग भरू नका. वरून सुरीची पाठ फिरवून सपाट करा. म्हणजे कोणीही, कोठेही, केव्हाही केले तरी तेच उतरेल. शेवटी शेवटी त्या चाकाच्या खुर्चीत बसून व्याख्याने देत. 1915 साली त्या वारल्या, त्याच्या दहा दिवस आधीपर्यंत.

धगीचे माप मात्र आणखी थोडी वर्षे हातातच राहिले. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांना 1912 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले आणि त्याच साली एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. ते घरी बसले असता पत्नीची शेगडीपाशी चालणारी धावपळ त्यांच्या ध्यानात आली, असे सांगतात. डोळे होते तेव्हा ते दिसले नव्हते म्हणायचे! 1922 साली त्यांनी थोड्या कोळशात दिवसरात्र सारखी तापलेली राहणारी शेगडी काढली. 1923 साली इंग्लंडात गॅसच्या भट्टीवर उष्णता आपोआप राखणारी कळ आली. ज्या कळीबद्दल जाऊबाई बोलल्या होत्या ती हीच.

आता माझ्या काट्याचे. माझे माहेर साताऱ्याचे. दिवाळीच्या आधी आई नानकटाई करी. परातीत तूप तळहाताने फेशी, पांढरेशुभ्र होईपर्यंत. मग पत्र्याच्या ताटांत नानकट्या मांडून आम्ही बहिणी त्या कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला नेत असू. तिथे ताटांची रांग. आपले ताट ओळखावे म्हणून आई कडेच्या नानकटीवर तीन मिरे दाबी. ती बेकरी बंद झाली. आईला जाऊन अकरा वर्षे झाली. तिला लिहिता येत नव्हते, आणि मला लिहिता येत असून मी कधी लिहून घेतले नाही. घरी छोटी विजेची भट्टी आणल्यावर मी आठवून करू लागले, तर एकदा नानकट्या पसरून एकमेकींना चिकटल्या, एकदा इतक्या कडक झाल्या की नातलगांनी चहात बुडवून संपवल्या. मापे पुस्तकातली घेतली तर पदार्थ चांगला होई, पण आईचा होत नसे.

फॅनीबाईंचे ऐकल्यावर मी आईच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतले. मावशीचे वय एक्याऐंशी. ती आईबरोबर एकाच परातीत फेशीत असे. परात मी वजनकाट्यावर ठेवली. मावशीला ते मुळीच रुचले नाही. "काट्याला काय विचारतेस? हाताला विचार," असे म्हणत तिने तूप घेतले. 200 ग्रॅम. पिठीसाखर, 190. डाळीचे पीठ नुसत्या बोटांनी भुरभुरवले, ते 40. मग मुठीमुठीने मैदा. प्रत्येक मुठीनंतर थांबून गोळा दाबून पाहायची. मी आकडे लिहीत होते. शेवटची मूठ पडल्यावर 310 लिहिले आणि पेन ठेवले.

नानकट्या पसरल्या नाहीत. मधोमध तडा गेला, आईच्या नानकटीला जात असे तसाच. वहीत मात्र 310 खोडलेले दिसेल. शेवटची मूठ टाकल्यावर मावशीने गोळ्यावरचा सुटा मैदा चिमटीत उचलून परत डब्यात टाकला होता, आणि मी काट्याकडे पाहिले तेव्हा तो सहा ग्रॅम खाली आलेला होता.